४५० वॅटच्या एसएमपीएसवर आरटीएक्स ३०६० लावावे की नाही?

छायाप्रकाश, परभणी

नमस्कार मंडळी. लग्नसमारंभाचे चित्रीकरण आणि एडिटिंग हा माझा व्यवसाय आहे. तुळशीचे लग्न उरकले की आमची धावपळ सुरू होते, त्यामुळे त्याआधीच संगणकाची डागडुजी करून घ्यावी असा विचार आहे.

माझा संगणक २०२२ साली इथल्याच एका दुकानातून असेंबल करून घेतलेला आहे. त्यात कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि दोन हार्डडिस्क आहेत. प्रोसेसर ‘एफ’ प्रकारचा असल्यामुळे त्यात स्वतःचे ग्राफिक्स नाही, म्हणून त्या वेळी केवळ पडद्यावर चित्र दिसावे एवढ्यासाठी जीटी १०३० हे छोटे कार्ड बसवले होते. या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा भागच नसतो हे मला नंतर कळले, आणि ४० मिनिटांची फिल्म एक्स्पोर्ट व्हायला पावणेदोन तास का लागतात याचाही तेव्हाच उलगडा झाला. आता आरटीएक्स ३०६०, १२ जीबी हे कार्ड घेण्याचे ठरवले आहे.

अडचण एसएमपीएसची, म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची आहे. कॅबिनेटबरोबर आलेल्या माझ्या एसएमपीएसवर मोठ्या लाल अक्षरांत ४५० वॅट असे छापलेले आहे. कार्डाच्या उत्पादकाने मात्र ५५० वॅटची शिफारस केलेली आहे. दुकानदाराचे म्हणणे असे की शिफारस नेहमीच वाढवून सांगतात, १०० वॅटने काही बिघडत नाही. कार्डाला ८ पिनची जोडणी लागते आणि माझ्या एसएमपीएसला ६ पिनची एकच केबल आहे, यावर त्यांनी एक कन्व्हर्टर दाखवला, ज्याच्या एका टोकाला हार्डडिस्कला लावतात तसे दोन पांढरे चार-पिनी कनेक्टर आहेत आणि दुसऱ्या टोकाला ८ पिन. मी तो अजून घेतलेला नाही.

एसएमपीएसच्या बाजूच्या लेबलवरचा तक्ता इथे उतरवून देतो, कारण मला तो वाचता येत नाही. +३.३ व्होल्टपुढे १८ अँपिअर, +५ व्होल्टपुढे २० अँपिअर, +१२ व्होल्टपुढे १८ अँपिअर, उणे १२ व्होल्टपुढे ०.५ अँपिअर आणि +५ व्होल्ट स्टँडबायपुढे २ अँपिअर. संगणकाला ६०० व्हीएचा यूपीएस जोडलेला आहे. आजवर, म्हणजे मे महिन्याच्या उन्हातही, एकदाही संगणक आपोआप बंद पडलेला नाही. तेव्हा आहे त्याच एसएमपीएसवर भागेल का, की बदलणे अपरिहार्य आहे?

तारयंत्र, छत्रपती संभाजीनगर

आपण लेबल उतरवून दिलेत हे फार बरे केलेत. बहुतेक जण फक्त मोठ्या अक्षरांतला आकडा सांगतात, आणि नेमका तोच आकडा या प्रश्नात सर्वांत कमी कामाचा असतो.

आधी त्या ४५० चाच हिशेब करून पाहू. प्रत्येक ओळीतील व्होल्टला अँपिअरने गुणले की त्या ओळीचे वॅट मिळतात. ३.३ गुणिले १८ म्हणजे सुमारे ५९, ५ गुणिले २० म्हणजे १००, १२ गुणिले १८ म्हणजे २१६, उणे १२ चे ६ आणि स्टँडबायचे १०. सगळ्यांची बेरीज ३९१ होते. म्हणजे प्रत्येक ओळीतून एकाच वेळी कमाल वीज घेतली, जी प्रत्यक्षात बहुतेक एसएमपीएस संचांत घेताच येत नाही, तरी लेबलवरचा तक्ता लेबलवरच्याच मोठ्या आकड्यापर्यंत पोहोचत नाही. उरलेले ५९ वॅट छपाईच्या शाईतून आले असावेत.

आता कामाचा आकडा. आजच्या संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या तारांतून, म्हणजे पिवळ्या तारांतून, घेतात. फार पूर्वी असे नव्हते. पेंटियम ४ च्या सुमारास, म्हणजे २००० सालापासून, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र चार-पिनी जोडणी आली आणि भार ५ व्होल्टवरून १२ व्होल्टकडे सरकला. आपल्या लेबलवर ५ व्होल्टला २० अँपिअर आणि १२ व्होल्टला १८ अँपिअर आहेत, यावरून तो संच त्या जुन्या घडणीचा दिसतो. त्यामुळे आपल्याकडे ४५० वॅट नाहीत, ३९१ ही नाहीत. कार्ड आणि प्रोसेसर यांच्या वाट्याला येतील असे फक्त २१६ वॅट आहेत.

मागणीची बाजू अशी. आय५-१२४००एफ च्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेले असते, परंतु इंटेलने त्याची टर्बोमधील, म्हणजे वाढीव वेगाने चालतानाची, कमाल ११७ वॅट दिलेली आहे आणि एक्स्पोर्ट करताना मदरबोर्डच्या सेटिंगनुसार तो तिथपर्यंत जाऊ शकतो. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. पंखे, दोन हार्डडिस्क आणि मदरबोर्डचा १२ व्होल्टवरील किरकोळ खर्च मिळून २० वॅट धरू. एकूण ३०७ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर साडेपंचवीस अँपिअर. आपल्याकडे १८ आहेत.

सध्या तो बिनतक्रार चालतो याचेही उत्तर याच हिशेबात आहे. जीटी १०३० अवघे ३० वॅट घेते. ११७, ३० आणि २० मिळून १६७ वॅट, म्हणजे १४ अँपिअर. मे महिन्यात तो टिकला तो १४ अँपिअरवर टिकला.

कन्व्हर्टर कृपया घेऊ नका. ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या स्लॉटमधून एकूण ७५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकते, त्यातली १२ व्होल्टवरची मर्यादा ६६ वॅट. ६ पिनची जोडणी आणखी ७५ वॅटसाठी आणि ८ पिनची १५० वॅटसाठी असते. १५० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर. खऱ्या ८ पिनच्या केबलमध्ये १२ व्होल्टच्या तीन तारा असतात, त्यामुळे प्रत्येकीच्या वाट्याला चारच्या थोडे वर अँपिअर येतात. कन्व्हर्टरच्या दोन पांढऱ्या कनेक्टरांत पिवळी तार प्रत्येकी एकच. शिवाय स्वस्त एसएमपीएसमध्ये ते दोन्ही कनेक्टर एकाच लांब केबलवर मागेपुढे ओवलेले असतात, म्हणजे एसएमपीएसकडून येणाऱ्या एकाच तारेतून सगळे साडेबारा अँपिअर वाहणार, आणि त्याच केबलवर आपल्या हार्डडिस्कही असण्याची शक्यता आहे. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत असे पांढरे कनेक्टर मी तपकिरी झालेले पाहिले आहेत. पिन ओढली की भोवतालचे प्लास्टिक बिस्किटासारखे तुटते. कन्व्हर्टर आठ छिद्रे पुरवतो, वीज पुरवत नाही.

५५० ची शिफारस वाढवून सांगितलेली असते हे दुकानदाराचे म्हणणे अगदीच चूक नाही. समोरचा संच कसा असेल हे उत्पादकाला ठाऊक नसते, म्हणून तो राखून बोलतो. पण ते राखून बोलणे आपल्याकडच्या संचासारख्या संचांसाठीच असते.

गोदाकाठ, नांदेड

तारयंत्र सरांचा आदर राखून एक वेगळा अनुभव मांडतो. माझ्याकडे आरटीएक्स ३०६० आणि आय५-१२४०० हेच दोन्ही भाग आहेत आणि माझाही एसएमपीएस ४५० वॅटचाच आहे. दीड वर्षापासून मी त्यावर रोज काम करतो, रात्री खेळही खेळतो, आणि संगणक एकदाही बंद पडलेला नाही. परभणीच्या भाऊंना विनाकारण चार-पाच हजारांच्या खर्चात पाडू नये असे वाटते. फारच भीती वाटत असेल तर सॉफ्टवेअरमधून कार्डाची वीजमर्यादा कमी करून घ्यावी. माझ्या माहितीप्रमाणे ३०६० ला १०० वॅटपर्यंत खाली आणता येते आणि एडिटिंगच्या कामात फरकही फारसा जाणवत नाही.

तारयंत्र, छत्रपती संभाजीनगर

आपला अनुभव खरा असणार, त्याबद्दल शंका नाही. फक्त एक विनंती आहे: संगणक बंद करून, वायर काढून, बाजूचे झाकण उघडा आणि आपल्या एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीत किती अँपिअर लिहिले आहेत ते इथे सांगा.

वीजमर्यादेची सूचना चांगली आहे, मी स्वतः उन्हाळ्यात ती वापरतो. पण या प्रकरणात ती पुरत नाही. कार्ड १०० वॅटवर आणले तरी ११७, १०० आणि २० मिळून २३७ वॅट होतात, म्हणजे पावणेवीस अँपिअर. आपण अजूनही १८ च्या पुढेच आहोत. त्यातच ही मर्यादा कार्डाच्या सरासरीवर चालते. काही मिलिसेकंदांचे, कधी त्याहूनही छोटे, उसळे तिच्यावरून उडी मारून जातात. हा त्रास इतका वाढला की एसएमपीएस कसे असावेत हे सांगणाऱ्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मार्गदर्शिकेत, नव्या कनेक्टरच्या मोठ्या एसएमपीएसनी १०० मायक्रोसेकंदांपुरता आपल्या क्षमतेच्या दुप्पट उसळा सोसावा अशी अपेक्षा घालावी लागली. जुन्या घडणीच्या संचाकडून ती कोणी करू नये.

एसएमपीएस बदलायचाच नसेल तर मला एकच वाट दिसते, ती म्हणजे आरटीएक्स ३०५० चा ६ जीबी प्रकार. तो ७० वॅटचा आहे आणि मूळ रचनेप्रमाणे त्याला वेगळी केबल लागत नाही. तरीही बेरीज २०७ वॅट, म्हणजे सव्वासतरा अँपिअर होते. इतक्या काठावर मी माझ्या ग्राहकाला बसवणार नाही. लग्नाचे चित्रीकरण पुन्हा करता येत नाही. हार्डडिस्कवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर आपण यजमानांना काय सांगणार?

गोदाकाठ, नांदेड

झाकण उघडले. माझ्या लेबलवर +१२ व्होल्टपुढे ३६ अँपिअर, ४३२ वॅट असे लिहिले आहे. ६ अधिक २ पिनच्या दोन केबलीही मुळातच आहेत. माझा आणि भाऊंचा एसएमपीएस सारख्याच वॅटचे आहेत असे धरून मी बोललो, ते मागे घेतो.

उदगीरकर, जिल्हा लातूर

एसएमपीएसचा प्रश्न तारयंत्र यांनी सोडवला आहे, म्हणून मी त्याच्या पुढच्या दोन गोष्टी लिहितो, कारण आपल्या भागात एसएमपीएस बदलून झाल्यावर माणसे नेमकी इथे अडतात.

पहिली गोष्ट यूपीएसची. ६०० व्हीएचा साधा यूपीएस बहुधा ३६० वॅटचा असतो. मागच्या बाजूला दोन्ही आकडे छापलेले असतात, पाहून घ्या. एसएमपीएसवर लिहिलेले वॅट हे तो संगणकाला किती देऊ शकतो याचे असतात, भिंतीतून किती घेतो याचे नाहीत. १२ व्होल्टवरील ३०७ वॅट द्यायला ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून सुमारे ३६१ वॅट ओढेल. त्यात मॉनिटरचे २५ ते ३० मिळवा. म्हणजे एक्स्पोर्ट भरात असताना लाईट गेली, की यूपीएस संगणकाला सांभाळण्याऐवजी ओव्हरलोडची शिटी देऊन स्वतःच मान टाकेल. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच क्षणी कमाल भारावर क्वचितच असतात हे मान्य, पण यूपीएस त्या क्वचित क्षणासाठीच घेतलेला असतो. माझ्या मते आपल्याला १००० व्हीए, ६०० वॅटचा यूपीएस लागेल.

याच ओघात आणखी एक सांगतो. चांगल्या नव्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाची रचना असते आणि स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. काही जोड्यांचे यावरून बिनसते आणि लाईट जाताच संगणक बंद होतो. तेव्हा नवा एसएमपीएस जोडल्यावर, कुठलेही महत्त्वाचे काम उघडे न ठेवता, यूपीएसचे भिंतीवरचे बटण बंद करून एकदा भारावर आणि एकदा भाराशिवाय स्वतःच परीक्षा घ्या. बॅटरीकडे वळायला यूपीएसला काही मिलिसेकंद लागतात आणि चांगल्या एसएमपीएसने १६-१७ मिलिसेकंद दम धरावा अशी अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. आपल्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी पायाने हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे होते का? होत असेल तर घरातली अर्थिंग तुटलेली किंवा निकामी आहे. एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरचे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींतून पत्र्याशी जोडलेले असतात, त्यामुळे अर्थिंग नसेल तर २३० च्या निम्मे, ११५ व्होल्टच्या आसपासचे व्होल्टेज पत्र्यावर येते. प्रवाह अगदी अल्प असतो, पण एचडीएमआय केबल लावता-काढताना कार्डाच्या पोर्टला तेवढे पुरते. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती कोरडी पडून सुटते. आमच्याकडे वडील मार्चपासून दर आठवड्याला त्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततात. मी लहानपणी याला हसत असे.

उष्णतेबद्दल थोडेसे. काही स्वस्त संचांची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते, चांगल्यांची ४० किंवा ५० अंशांना. परभणीत मे महिन्यात खोलीतच ४० च्या जवळ असते, कॅबिनेटच्या आत तर विचारूच नका. घेताना हा आकडा विचारा. दुकानदाराला सांगता आला नाही तर उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहा. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा गोल्ड हा शिक्का केवळ कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही, तरी शिक्का नसलेल्यापेक्षा असलेला बरा.

छायाप्रकाश, परभणी

आपण सर्वांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काम झाले आहे, म्हणून काय केले ते क्रमाने सांगतो.

५५० वॅटचा, ब्रॉन्झ शिक्क्याचा एसएमपीएस घेतला. दुकानात उभ्या उभ्या आधी लेबल वाचले: १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर, ५४० वॅट, तापमान ४० अंश. जुना संच काढून हातात घेतला तेव्हा नव्याच्या मानाने निम्म्या वजनाचा वाटला. घराजवळ जिनिंग असल्यामुळे त्याच्या पंख्याच्या जाळीवर कापसाच्या तंतूंची गादीच बसलेली होती, आणि हार्डडिस्कच्या केबलवर ते दोन पांढरे कनेक्टर तारयंत्र सरांनी लिहिल्याप्रमाणे खरोखरच एकामागे एक ओवलेले निघाले.

जोडताना एकदा चुकलो. नव्या संचात ८ पिनच्या दोन प्रकारच्या केबली आहेत. एक ४ अधिक ४ अशी फुटते, ती प्रोसेसरची. दुसरी ६ अधिक २ अशी फुटते, ती कार्डाची. पहिली मी कार्डात बसवू पाहिली, ती बसेना, आणि सुदैवाने मी जोर लावला नाही. नंतर पाहिले तर कनेक्टरवर बारीक अक्षरांत नावेही कोरलेली होती. कार्डाची लांबी मात्र आधीच पट्टीने मोजून ठेवली होती, तिथे अडचण आली नाही.

जीपीयू-झेड या कार्डाचे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पाहिले तेव्हा भारावर असताना कार्डाचा एकूण खर्च १६८ वॅटपर्यंत गेला आणि ८ पिनवरचे व्होल्टेज ११.९ च्या खाली उतरले नाही. मर्यादा ५ टक्क्यांची, म्हणजे ११.४ पर्यंतची असते असे वाचले, तेव्हा हे ठीकच असावे. ती ४० मिनिटांची फिल्म आता बावीस मिनिटांत बाहेर पडते.

यूपीएसची परीक्षा उदगीरकर साहेबांनी सांगितली तशी घेतली. भाराशिवाय पास झाला. एक्स्पोर्ट चालू असताना बटण बंद केले, तर एक लांब शिटी आणि काळोख. १००० व्हीएचा सांगून ठेवला आहे, तो शनिवारी येतो. तोपर्यंत एक्स्पोर्ट पहाटे लावतो, त्या वेळी आमच्याकडे लाईट सहसा जात नाही.

पत्र्याला मुंग्या येत होत्या. इलेक्ट्रिशियन उद्या येणार आहे, आणि आज संध्याकाळी दोन बादल्या ओतल्या आहेत.

तारयंत्र, छत्रपती संभाजीनगर

११.९ उत्तम आहे. जुना एसएमपीएस दुसऱ्या कोणाला ‘४५० वॅट’ म्हणून देऊ नका. द्यायचाच झाला तर त्या लाल आकड्यावर पट्टी चिकटवून १८ अँपिअर असे लिहा. जाळीवरचा कापूस नव्या संचावरही बसेल, तेव्हा जिनिंगचा हंगाम संपला की ब्लोअर मारा, आणि त्या वेळी पंख्याचे पाते काडीने अडवून धरा.